दाराआडची भाषा

दार कसे वाजवावे, हे मला वयाच्या चाळिशीत नव्याने शिकावे लागले. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या फ्रुटव्हेल भागात, इंटरनॅशनल बुलेव्हार्ड या लांबलचक रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांच्या घरी पुस्तके-खेळणी घेऊन जाण्याच्या कामातल्या पहिल्या गृहभेटीसाठी मी उभी राहिले, तेव्हा सवयीने दारावर तीनदा टकटक केली. आत भांडी वाजत होती, एक लहान मूल स्वतःशीच काही बडबडत होते. टकटक होताच सगळे आवाज कापल्यासारखे थांबले आणि तान्ह्या बाळाचे किरकिरणेही कुणीतरी पदराआड घेतल्यासारखे दबले. माझ्याबरोबर आलेल्या सहकारी बाईंनी माझा हात हळूच खाली केला, त्या दाराच्या फटीशी वाकल्या आणि माम या ग्वातेमालातल्या भाषेत बोलू लागल्या. आधी ‘नान’ अशी बाईमाणसाला आदराने मारायची हाक, मग आपण कोण, कुठल्या गावच्या, कुणाच्या सांगण्यावरून आलो, बरोबरची ही परकी दिसणारी बाई कोण, असे सगळे त्यांनी त्या बंद दाराला शांतपणे सांगितले. दोन-तीन मिनिटांनी आतली साखळी सरकली. परतताना जिन्यावर त्या मला म्हणाल्या, की दार वाजवतात ते पोलीस आणि इमिग्रेशनवाले. आपल्या माणसाने आधी बोलायचे असते.

त्या बाई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या आहेत. मी त्यांना स्पॅनिशमध्ये ‘दोन्या’ म्हणते, मनात मात्र ताई म्हणते, आणि इथेही ताईच म्हणणार आहे. त्या ग्वातेमालाच्या उवेवेतेनांगो प्रांतातल्या. कुचुमातानेस नावाच्या डोंगररांगांमध्ये, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर वसलेल्या तोदोस सांतोस या गावाच्या आसपास त्यांचे बालपण गेले. फ्रुटव्हेलमध्ये आज त्या आणि भोवतालच्या गावांतली इतकी कुटुंबे राहतात, की बाजारात, बसच्या थांब्यावर, कपडे धुण्याच्या दुकानात माम सहज कानावर पडते, आणि ओकलंडच्या लेनी कॉलेजात ती शिकवलीही जाते. तरीही बहुतेक कचेऱ्यांना ही माणसे ‘स्पॅनिश बोलणारी’ वाटतात, कारण ती ज्या देशातून आली त्या देशाची राजभाषा स्पॅनिश आहे. ग्वातेमालात कायद्याने मान्य झालेल्या माया, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, भाषा २२ आहेत. माम ही त्यांतली एक मोठी भाषा, पाच लाखांहून अधिक लोकांची. स्पॅनिशशी तिचे नाते तेवढेच, जेवढे मराठीचे जपानीशी असेल.

ही माणसे डोंगर सोडून इतक्या दूर का आली, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षे त्या देशात यादवी चालली. सत्यशोधन आयोगाने १९९९मध्ये दिलेल्या अहवालानुसार मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांची संख्या दोन लाखांवर होती, आणि ज्यांची ओळख पटली त्यांतली ८३ टक्के माणसे माया होती. उवेवेतेनांगोच्या डोंगरांनी १९८२च्या सुमारास गावेच्या गावे जळताना पाहिली. त्यानंतर आलेल्यांची कारणे वेगळी आहेत: कॉफीवर पडलेला तांबेरा, पाऊस न पडलेली वर्षे, सावकाराचे कर्ज, आधी गेलेल्या भावाने पाठवलेले पैसे. मी ज्या घरी गेले त्या घरातली आई युद्ध संपल्यानंतर जन्मलेली होती. पण तिच्या आईने जंगलात लपून काढलेल्या रात्री तिला पाठ होत्या, आणि अनोळखी माणूस दारात आला की गप्प बसायचे, हा धडा तिला वारशाने मिळाला होता.

मी स्वतः राहते फ्रीमाँटला. तिथून बार्ट या लोकल रेल्वेने फ्रुटव्हेल अर्ध्या तासाचे आहे. एवढ्या अंतरात मी एका जगातून उठून दुसऱ्या जगात उतरते. फ्रीमाँटच्या घरांमध्ये तीन वर्षांच्या मुलांना गणिताच्या शिकवणीला पाठवावे की नाही, यावर आम्ही मराठी आया दिवाळीच्या फराळाच्या वेळी गंभीर चर्चा करतो. फ्रुटव्हेलमधल्या त्या घरात एका खोलीत पाच माणसे, मध्ये पडदा, पडद्यापलीकडे दुसरे कुटुंब, आणि स्वयंपाकघर तिघांत मिळून एक.

या कामाकडे मी वळले ते माझ्या आईमुळे. ती धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावी अंगणवाडी सेविका होती. १९७५मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची एक छोटीशी खिडकी म्हणजे तिची ती एका खोलीची अंगणवाडी. दुपारी मुले घरी गेली, की ती बगलेत जाड नोंदवही घेऊन गृहभेटींना निघे, आणि सुट्टीच्या दिवसांत मी तिच्यामागे. भिल्ल वस्तीवरच्या एका झोपडीत आढ्याला काटा अडकवून, झोळीत मूल ठेवून ती वजन घेई. पण वजन घेण्याआधी ती निदान पंधरा मिनिटे नुसती बसे. चुलीपाशी, जमिनीवर, वही मिटून. तेव्हा मला ते वेळ घालवणे वाटायचे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५मध्ये ताराबाई मोडक आणि पुढे अनुताई वाघ यांनी जे काम उभे केले, त्यात मुलांना अंगणात जाऊन शिकवायचे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवायची, हे सारे आईला तिच्या प्रशिक्षणात सांगितले गेले होते. तिने त्यातला एकच अर्थ आयुष्यभर धरून ठेवला होता: आपण त्यांच्या घरी गेलो आहोत, ते आपल्या घरी आलेले नाहीत.

मला हे सगळे ठाऊक होते, आणि तरीही ओकलंडला मी पहिल्या दोन महिन्यांत नेमके उलटेच वागले.

आमच्या उपक्रमाचे काम असे, की जन्मापासून चार वर्षांपर्यंतचे मूल असलेल्या घरी आठवड्यातून एकदा जायचे, दर भेटीत एक पुस्तक किंवा खेळणे न्यायचे, ते आईच्या हातात द्यायचे आणि मुलाशी त्यावरून कसे बोलावे, खेळावे, वाचावे, हे तिच्यासोबत करून पाहायचे. अशा उपक्रमांना अमेरिकेत मोठी परंपरा आहे. १९६५च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर फिलिस लेव्हेनस्टाईन यांनी पुस्तके आणि खेळणी घेऊन घरोघरी जाणारा असा एक उपक्रम सुरू केला होता, तर १९६९मध्ये इस्रायलमध्ये अविमा लोंबार्ड यांनी परदेशांतून तिथे आलेल्या, फारसे शिक्षण न मिळालेल्या आयांसाठीच एक रचना केली, जी पुढे अमेरिकेतही आली. आईच मुलाची पहिली शिक्षिका, हे वाक्य या सर्वांच्या मुळाशी आहे. वाक्य खरे आहे. पण ‘शिक्षिका’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जी बाई उभी राहते, ती खुर्चीत बसलेली, हातात पुस्तक धरलेली, प्रश्न विचारणारी असते, आणि तिची भाषा आपली असते.

मी त्या आईच्या हातात एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दिले. प्रत्येक पानावर एक प्राणी, खाली इंग्रजीत त्याचे नाव. मुलगा अडीच वर्षांचा होता. मी स्पॅनिशमध्ये तिला म्हणाले, त्याला विचारा, हे काय आहे? तिने पुस्तक दोन्ही हातांनी, काच धरावी तसे धरले. ती त्या पानाकडे बघत राहिली आणि फार हलक्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, मला वाचता येत नाही. मी म्हणाले, वाचायचे नाही, नुसते चित्र दाखवून ‘वाका’ म्हणा, गाय. ती ‘वाका’ म्हणाली. मुलगा तिच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण त्याची आई असल्या आवाजात कधी बोलत नसे. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा पुस्तक कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीत, नव्यासारखे जपून ठेवलेले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात तसेच. मी माझ्या नोंदीत लिहिले: आईचा सहभाग कमी. ते वाक्य आजही माझ्या वहीत आहे आणि मी ते खोडलेले नाही.

आमच्या घरात अहिराणी बोलत. आजीला दुसरी भाषा येतच नव्हती. ती मला ‘आंडेर’, म्हणजे मुलगी, म्हणे, ‘ये आठे’ म्हणून मांडीवर ओढून घेई, जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओव्या पिठासारख्या झरत राहत. पहिलीत मी पाटीवर ‘पानी’ लिहिले. बाईंनी ते पुसून ‘पाणी’ लिहिले आणि वर्गासमोर मला तो शब्द दहा वेळा म्हणायला लावला. जीभ वळत नव्हती असे नाही. पण घरी येऊन मी आजीला सांगितले, की तू चुकीचे बोलतेस. आजी हसली, ‘तुना बरोबर व्हई’ म्हणाली, म्हणजे तुझेच बरोबर असेल. त्या दिवसानंतर, माझा अभ्यास चालू असताना, ती माझ्याजवळ बसून बोलायची बंद झाली. कुणी तिला गप्प राहायला सांगितले नव्हते. पुस्तक उघडले, की त्या खोलीत आपल्या बोलण्याला जागा नाही, हे तिने आपणहून ओळखले होते.

माम आईचे ते ‘वाका’ म्हणणे आणि आजीचे ते उठून जाणे यांतला सांधा मला लगेच दिसला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मला तो दाखवला ताईंनी, आणि तोही सांगून नव्हे.

आठव्या की नवव्या भेटीला आम्ही गेलो, तेव्हा ती आई जमिनीवर बसून काळ्या घेवड्याचे दाणे निवडत होती. पाठीवर शालीत बांधलेले तान्हे, समोर ताटात घेवडा, बाजूला मुलगा. मी पिशवीतून पुस्तक काढायला हात घातला, तसा ताईंनी डोळ्यांनीच मला थांबवले आणि त्या ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसून निवडू लागल्या. मीही बसले. खडा निघाला की मुलगा तो उचलून एका वाटीत टाकत होता. त्याला कुणी तसे सांगितलेले नव्हते, कुणी शाबासकी देत नव्हते, आणि तरी त्याची नजर ताटावरून हलत नव्हती. आई मोजत होती: हुन्, कबे, ओषे. एक, दोन, तीन. मुलगा तिच्यामागून अर्धा शब्द म्हणे, अर्धा गिळे. दहाच्या पुढे मोजणी वीसवर जाऊन थांबली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली. ताईंनी मला सांगितले, की आमची मोजणी विसांची. माया भाषांचे अंकगणित मुळात वीसवर उभे आहे. हाताची आणि पायाची मिळून वीस बोटे म्हणजे एक पुरा माणूस, आणि किचे या त्यांच्या शेजारभाषेत वीस या अर्थाचा शब्दच माणूस या शब्दापासून झालेला आहे. माझ्या अंगावर काटा आला, कारण माझी आजी कोंबडीची अंडी ‘दोन ईसा नि पाच’ अशीच मोजायची, आणि शाळेत गेल्यावर त्याचीही मला लाज वाटली होती.

मग ताईंनी एक पुस्तक बाहेर काढले, ज्यात अक्षर एकही नव्हते, नुसती चित्रे. एका पानावर अंगण, कोंबड्या, कुंपण. ताई माममध्ये काहीतरी म्हणाल्या, बहुधा तुमच्याकडे किती होत्या, असे. आणि ती आई बोलू लागली. मला एक शब्द कळत नव्हता, तरी गोष्ट कळत होती: कोंबड्या, वरून आलेली घार, धावत आलेली तिची आई, हातातली काठी, आणि धूळ. ती हात हलवत होती, घारीसारखी मान वाकवत होती, पाठीवरचे तान्हे त्या हेलकाव्यांनी जागे होऊन डोळे मोठे करून ऐकत होते. मुलगा ताट ओलांडून पुस्तकापाशी आला, त्याने घारीची जागा शोधली, ती त्या चित्रात नव्हतीच, तेव्हा त्याने आभाळाच्या निळ्या रंगावर बोट ठेवून आईला काहीतरी विचारले. पुस्तकात नसलेली गोष्ट पुस्तकात शोधणे, याहून वाचन वेगळे काय असते? त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरात पुस्तक वाचले गेले, आणि ते वाचणारी बाई आपल्याला वाचता येत नाही असे मानत होती.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचू लागले, कारण मला माझ्या नोंदीतल्या त्या वाक्याचा उगम शोधायचा होता. १९९५मध्ये अमेरिकेत बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. कॅन्सस राज्यातल्या ४२ कुटुंबांचे निरीक्षण करून त्यांनी असे मांडले, की गरीब घरातल्या मुलाच्या कानावर वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. पुढे त्या आकड्यावर आणि तो काढण्याच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले गेले, पण तोवर तो आकडा धोरणांत, भित्तिपत्रकांत आणि आमच्यासारख्यांच्या प्रशिक्षणात रुजला होता. ‘मुलाशी सतत बोला, दिसेल त्याचे नाव सांगा, प्रश्न विचारा.’ सल्ला वाईट नाही. मी स्वतः माझ्या मुलीला ‘नाक कुठंय, कान कुठंय, हम्मा कशी करते’ असे विचारतच वाढवले. पण उत्तर आपल्याला ठाऊक असलेला प्रश्न मुलाला विचारणे ही जगभरची रीत नाही. ताईंना तर तो प्रश्न विचित्रच वाटतो. ज्याला नाक आहे त्याला नाक कुठे आहे हे विचारून काय मिळवायचे?

मेक्सिकोच्या चियापास राज्यात तेनेहापा येथे त्सेल्टाल ही दुसरी एक माया भाषा बोलणारी माणसे आहेत. तिथल्या लहान मुलांवर मारिसा कासियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाला उद्देशून बोललेले बोलणे तिथे तासाला साडेतीन मिनिटांच्या आसपास भरले. एवढेच. आणि तरीही त्या मुलांचा पहिला शब्द, दोन शब्द जोडून बोलणे, हे टप्पे इतर समाजांतल्या मुलांसारख्याच वयात आले. बार्बरा रोगॉफ यांनी ग्वातेमालातल्या सान पेद्रो ला लागुना या गावी कित्येक वर्षे राहून-जाऊन जे पाहिले, ते त्या घेवड्याच्या ताटाशी मी पाहिलेच होते: मूल मोठ्यांच्या कामाच्या कडेला असते, डोळे-कान उघडे ठेवून असते, आणि संधी मिळाली की हात घालते. मोठी माणसे शिकवायला वेगळी बसत नाहीत. त्यांना मुलाच्या शिकण्यावर भरवसा असतो. आपण मध्यमवर्गीय आयांनी तो भरवसा कुठे हरवला, याचा विचार मी फ्रीमाँटच्या परतीच्या गाडीत अनेकदा केला आहे.

घरात रुळल्यावर पुष्कळ गोष्टी ओळखीच्या निघाल्या. तान्ह्याच्या मनगटाला बांधलेला लाल दोरा दृष्टीसाठी होता. माझ्या मुलीच्या गालावर काजळाची तीट याचसाठी लावली जायची. बाळंतिणीला तिकडे ‘चुह’ नावाच्या, दगड तापवून वाफ केलेल्या बुटक्या खोलीत शेकतात, थंड पदार्थ वर्ज्य असतात. ओकलंडच्या भाड्याच्या घरात चुह कुठून येणार, म्हणून त्या आईने न्हाणीघराचे दार लावून गरम पाण्याच्या बादल्यांवर भागवले होते. मी तिला शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू यांविषयी सांगितले आणि ताईंनी ते माममध्ये सांगताना इतक्या मोठ्याने हसायला सुरुवात केली, की पडद्यापलीकडची बाईसुद्धा डोकावून ऐकायला आली. त्या दिवसापासून माझ्यासाठी पेल्यात अतोल येऊ लागले, मक्याच्या पिठाची गोडसर पेज.

याच काळात एक प्रसंग घडला तो मला अजून सलतो. मुलाच्या तपासणीसाठी ती आई एका दवाखान्यात गेली होती. तिथे स्पॅनिश दुभाषा होता. मुलाला त्याने स्पॅनिशमध्ये चित्रे दाखवून नावे विचारली, मुलगा गप्प राहिला, आईला प्रश्न विचारले, आईने प्रत्येक प्रश्नाला ‘सी’, म्हणजे हो, म्हटले, कारण समोरचा माणूस ‘सी’ची वाट पाहत आहे एवढे तिला कळत होते. कागदावर लिहून आले: बोलण्याचा विकास मागे. ज्या मुलाने घार आभाळात शोधली होती, त्या मुलाबद्दल हे लिहिले गेले. ताईंनी ते प्रकरण सोडले नाही. माम दुभाषा मिळेपर्यंत त्यांनी फोन केले, पुन्हा तपासणी करवली, आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहिल्या. मुलगा आत गेला आणि बोलला. बाहेर येऊन त्याने ताईंच्या मांडीवर डोके ठेवले. मी ताईंना विचारले, की तुम्ही इतक्या शांत कशा राहता? त्या म्हणाल्या, आमच्या लोकांचे निदान नेहमी दुसऱ्याच भाषेत होते.

पण मी इथे माया घरांचे गोंडस चित्र रंगवू इच्छित नाही. शाळा इंग्रजीत आहे, आणि बालवाडीच्या पहिल्या दिवशी त्या मुलाला ती परकी भिंत लागणारच आहे. पुस्तक कसे धरतात, पान कोणत्या बाजूने उलटते, त्या काळ्या खुणा म्हणजे बोलणे असते, हे घरात माहीत होऊन गेलेल्या मुलाला ती भिंत जरा बुटकी वाटते. म्हणूनच आम्ही जातो. आईही थकलेली असते. नवरा पहाटे चारला छपरांच्या कामावर जाणारा, ती रात्री कचेऱ्या झाडायला जाणारी, आणि मोठी आठ वर्षांची मुलगी फोनवर वीजबिलाच्या माणसाशी इंग्रजीत बोलणारी. ती मुलगी आईला उत्तरे स्पॅनिशमध्ये देते, भावाला इंग्रजीत रागावते. एकदा आईने ताईंना विचारले, की हीसुद्धा माम विसरली तर म्हातारपणी मी कुणाशी बोलू? या प्रश्नाला आमच्या उपक्रमाच्या कुठल्याही तक्त्यात रकाना नाही. मातृभाषेत पक्का पाया झालेले मूल दुसऱ्या भाषेत वाचायला लवकर सरावते, हे आम्ही आयांना सांगतो आणि ते खरे आहे. पण त्या बाईला ते कारण नको होते. तिला तिची मुलगी हवी होती.

माम लिहिता येते, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. ग्वातेमालात माया भाषांसाठी १९८७मध्ये एकसारखी वर्णमाला अधिकृत झाली. रोमन अक्षरे तीच, पण त्यांत घशात अडवून सोडायच्या आवाजांसाठी अक्षराशेजारी एक छोटासा स्वल्पविरामासारखा फटकारा देतात. एका भेटीत ताईंनी वहीच्या पानावर एक अक्षर लिहिले, त्याच्याशेजारी तो फटकारा दिला, आणि पान आईपुढे सरकवले. पाण्याला माममध्ये ‘आ’ म्हणतात, शेवटी श्वास किंचित तोडून. एक अक्षर आणि एक खूण, की झाला शब्द पुरा. ताईंनी तो म्हणून दाखवला. आईने पानाकडे पाहिले, मग नळाकडे पाहिले, आणि तो शब्द म्हणताना त्या खुणेवर बोट ठेवले, जिथे तिचा स्वतःचा श्वास तुटत होता तिथे. मग तिने पेन्सिल मागितली. पहिला फटकारा फार लांब आला, दुसरा अक्षरावरच चढला, तिसरा नीट बसला. मोठी मुलगी गृहपाठ सोडून आली आणि म्हणाली, हे आपले आहे? तिच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तिने तो शब्द सात-आठ वेळा लिहिला, आईने शेजारी बसून तिचे फटकारे तपासले.

गेल्या उन्हाळ्यात त्या घराचे भाडे वाढले आणि कुटुंबाने दुसऱ्या शहरात, नवऱ्याच्या चुलतभावाकडे जायचे ठरवले. शेवटच्या भेटीला खोक्यांमध्ये बसायला जागा नव्हती. पुस्तके एका वेगळ्या खोक्यात होती, कोपरे झिजलेली, एकावर अतोलाचा डाग, घारीच्या पुस्तकाचे ते पान मधोमध चिकटपट्टीने जोडलेले. भांडी बांधून झाली होती, त्यामुळे अतोल नव्हते. आईने मला प्लास्टिकच्या पेल्यात पाणी दिले. मी ‘च्होन्ते’ म्हणाले, म्हणजे आभार. ती ताईंना काहीतरी म्हणाली, आणि ताईंनी मला सांगितले, की इतके दिवस तुम्ही आमचे शब्द विचारत होतात, तुमच्याकडे याला काय म्हणतात हे आम्ही कधी विचारलेच नाही.

मी पेला उचलून दाखवला आणि म्हणाले, पाणी.

मुलगा आता चार वर्षांचा झाला आहे. माममध्ये जीभ टाळूकडे वळवून म्हणायचे काही वर्ण आहेत, पण आपला ‘ण’ नाही. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिले, ओठ जुळवले आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाला, ‘पानी.’

मी म्हणाले, ‘हो. पानी.’